असोला नारळ, दोन अक्रोड

पहाटे साडेपाच

स्वयंपाकघरातला दिवा लावला की आधी नजर जाते ती ओट्यावरच्या वाटीकडे. रात्री भिजत घातलेले दोन अक्रोड. पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस झालेलं, अक्रोड फुगलेले आणि तरीही सुरकुतलेले. हे अण्णांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे. वय ८६. दिवाळीनंतर अलिबागच्या डॉक्टरांनी त्यांचं रक्त तपासलं आणि सांगितलं, खोबरं जरा बेतानं घ्या आणि रोज दोन अक्रोड खा. मुरुडच्या वाडीत जन्म गेलेल्या माणसाला खोबरं बेतानं खा म्हणणं म्हणजे एकदऱ्याच्या कोळ्याला मासळी बेतानं खा म्हणण्यासारखंच. अण्णा डॉक्टरांसमोर काही बोलले नाहीत. एसटीत बसल्यावर म्हणाले, "अक्रोड कुठे पिकतो गो?"

काश्मिरात, म्हटलं.

"मग तिथल्या म्हाताऱ्यांना काय सांगत असतील, नारळ खा म्हणून?"

मुलानं पनवेलहून दोन किलो पाठवले, तेही कवचासकट. कवचातला अक्रोड खवट होत नाही, असं त्याचं म्हणणं. ते फोडायला घरात हत्यार नव्हतं. पहिल्या दिवशी मी वरवंटा घेतला आणि गराचा भुगा केला. दुसऱ्या दिवशी अण्णांनी देवळीतला अडकित्ता काढला, अक्रोडाच्या सांध्यावर पातं टेकवलं आणि सुपारी कातरायच्या सवयीनं हलकेच दाबलं. टक्. दोन अख्खी अर्धुकं बाहेर. फोडायला आवडतात त्यांना, खायला नाही. साल कडू लागते म्हणतात. नेमानं खावेत म्हणून मी वाटीजवळ भिंतीवर खडूनं रेघा मारते आणि डबा मोजून ठेवते.

आज मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार, ११ डिसेंबर. गेला गुरुवार दत्तजयंतीवरच आला होता. दत्ताच्या डोंगरावरची जत्रा, घरातला घट आणि खोल्यांवर आलेले पाहुणे असं सगळं एकाच दिवशी. आज त्या मानानं निवांत. निवांत म्हणजे फक्त चाळीस नारळांची मागणी आहे.

तेलाची बाटली मात्र गोठलीय. मुरुडला थंडी ती काय पडते, पण खोबरेल बरोबर ओळखतं. पहाटे हवा गार झाली की बाटलीत पांढरं मेण बसतं आणि चुलीच्या कडेला ठेवल्याशिवाय हलत नाही. अक्रोडाचं तेल असं गोठत नाही म्हणे. डॉक्टरांचं सगळं म्हणणं माझ्यापुरतं त्या बाटलीत आहे. गोठणारी चरबी जपून, न गोठणारी चालेल. पटतं. पण ती बाटली चुलीशेजारी नसेल तर स्वयंपाकाला सुरुवात कुठून करायची, ते डॉक्टरांनी सांगितलेलं नाही.

सव्वासहा

पंप सुरू केला. वाडीला पाणी देणं म्हणजे शिंपणं. शब्द जुना आहे, शिंपण्याची रीत आता राहिलेली नाही. विहिरीवर रहाट होता तेव्हा बैल गोल फिरायचा, लोटे वर येऊन पन्हळीत ओतायचे, तिथून पाटानं पाणी आळ्याआळ्यात. रहाटाची कुई ऐकूनच शेजारच्या वाडीवाल्याला कळायचं की यांचं शिंपणं चालू झालं. अण्णांना अजून पहाटे ती कुई ऐकू येते. आम्हाला पंपाची घरघर येते. नव्या रोपांना ठिबक केलंय, जुन्या झाडांना पाटच.

पस्तीस गुंठ्यांची वाडी. पुढून रस्ता, मागून समुद्राची पुळण. वाळूमिश्रित जमीन, गोड्या पाण्याची विहीर आणि खारा वारा, या तिन्हींचं जिथे जमतं तिथेच आगर होतं. मधे माड, माडांच्या सावलीत पोफळी, पोफळींवर मिऱ्याचे वेल, कडेला केळी आणि दोन जायफळं. एकाच्या सावलीत दुसरं, दुसऱ्याच्या अंगावर तिसरं. असं असायला हवं. सध्या मधेमधे आभाळ फार दिसतं. त्याचं पुढे सांगते.

साडेसात

तात्या आला. तात्या आमचा पाडेकरी. साठीला टेकलाय, अंगात सदरा नाही, कमरेला मागे लाकडी आकडी आणि आकडीत कोयता. मला वहिनी म्हणतो, अण्णांना अण्णाच. चहा आधी घेत नाही. पोटात पाणी घेऊन माडावर चढायचं नाही, हा त्याचा नेम.

गेली काही वर्षं मुरुड-श्रीवर्धनात कुठल्याही वाडीवाल्याला विचारा, झाडं किती आहेत ते नंतर सांगेल, आधी पाडेकरी मिळत नाही म्हणून सांगेल. तात्याची दोन्ही मुलं वर चढत नाहीत. एक रिक्षा चालवतो, दुसरा राजपुरीला जंजिऱ्याच्या होड्यांवर आहे. नारळ विकास मंडळ २०११ पासून यंत्राच्या साहाय्यानं चढायचं प्रशिक्षण देतं, केरळात बायकाही शिकल्या. आम्ही ते यंत्र आणवलं होतं. तात्यानं ते माडाला लावलं, चार हात वर गेला, खाली उतरला आणि म्हणाला, "सायकल झाडाला बांधल्यासारखं वाटतं." यंत्र पडवीत आहे. त्यावर कोंबड्या बसतात.

पायात काथ्याचा फास अडकवून तो वर गेला. खालून पाहताना माणूस लहान होत होत झापांत नाहीसा होतो आणि मग नुसता आवाज. कोयत्याच्या पाठीनं नारळावर टकटक. तयार आणि अर्धकच्चा, दोघांचा आवाज वेगळा. माडाला साधारण महिन्याला एक झाप येते आणि झापेच्या बगलेत एक पोय. पोय फुटून फळ धरलं की ते पिकायला पुरतं वर्ष. म्हणजे वर बसलेल्या माणसाच्या भोवती एकाच वेळी बारा महिने टांगलेले असतात. इथे नुसती पोय, तिथे सुपारीएवढी बोंडं, खाली सहा-सात महिन्यांची शहाळी आणि सगळ्यांत खाली असोले तयार नारळ. अक्रोडाचं, आंब्याचं तसं नाही, त्यांचा एकच हंगाम. माडाला हंगाम नाही म्हणून वाडीवाल्याला सुट्टीही नाही.

"वहिनी, बाजूला व्हा!"

धप. धप. धप-धप. असोला नारळ पुळणीच्या मातीत पडतो तो आवाज पायाच्या तळव्याला आधी कळतो.

तीन वर्षांपूर्वी खोलीवर एक काश्मिरी जोडपं उतरलं होतं, पुण्याहून आलेलं. बाई मूळच्या अनंतनागच्या, १९९० साली घर सोडून निघालेल्या. तात्या वर होता आणि त्या माझ्याशेजारी मान वर करून उभ्या होत्या. म्हणाल्या, आमच्याकडे अक्रोड असाच उतरवतात, भाद्रपदाच्या सुमारास. उंच झाडावर चढायचं, फांदीवर उभं राहून लांब काठीनं झोडपायचं, खाली बायका-पोरं वेचायला. दरवर्षी कोणीतरी पडतं. हिरवी साल सोलून सोलून हात काळे होतात आणि आठवडेच्या आठवडे ते काळेपण जात नाही. तेव्हा मी त्यांना माझे हात दाखवले. ओली सुपारी सोलून बोटांच्या कडा तपकिरी पडलेल्या. दोघी हसलो. त्यांच्या भाषेत अक्रोडाला 'डून' म्हणतात, एवढा एक शब्द त्या वाडीत ठेवून गेल्या.

नऊ

सात माड झाले. आता पोफळी. पोफळीवरच्या माणसाकडे बघत राहावं असं वाटतं, आणि आमच्या घरात बघितलं की जिवाला लागतं.

पोफळ म्हणजे मनगटाहून थोडी जाड, पन्नास-साठ फूट सरळ गेलेली काठी. तात्या तिच्यावर सरसर चढतो, पिवळ्या-केशरी सुपारीचा घड कापून दोरीनं खाली सोडतो, आणि खाली उतरत नाही. शेंड्याजवळ पाय आवळून अंगाला झोका देतो. झाड त्याच्यासकट वाकतं, परत येतं, पुन्हा वाकतं, आणि तिसऱ्या झोक्याला तो हात लांबवून शेजारची पोफळ धरतो. एक झाड सुटलं, दुसरं हातात. सोडलेलं झाड वरच्या वर थरथरत राहतं. पूर्वी तात्या सकाळी वाडीच्या एका टोकाला चढायचा आणि जमिनीला पाय न लावता वीस-पंचवीस पोफळी करून दुसऱ्या टोकाला उतरायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा त्याचा बाप हे करत असे, आणि माझी जेवणाची हाक त्याला खालून नाही, वरून ऐकू जायची, अशी आमची थट्टा होती.

आता त्याला दर दोन-तीन झाडांनंतर खाली यावं लागतं. शेजारचं झाडच नाही.

३ जून २०२०, बुधवार. टाळेबंदीचे दिवस. निसर्ग वादळ दुपारी किनाऱ्याला लागलं. ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटरचा वारा आणि त्यावर झोत. पोफळ वाऱ्यात वाकते, ती वाकण्यासाठीच झालेली असते. पण त्या दिवशी वारा एका दिशेनं थांबला नाही, फिरला. एका अंगानं वाकलेली झाडं उलट पिरगळली गेली आणि मधोमध मोडली. माड मुळासकट आडवे झाले. आम्ही माजघरात दार लावून बसलो होतो. बंदुका उडाव्यात तशा पोफळी मोडत होत्या आणि अण्णा बोटं मोजत होते. शंभरानंतर त्यांनी मोजणं सोडलं. वादळाआधी आमच्याकडे साडेतीनशे पोफळी आणि एकेचाळीस माड होते. संध्याकाळी एकशेवीस पोफळी आणि सव्वीस माड. वाडीतून समुद्र दिसत होता. एवढ्या वर्षांत तो घरातून कधी दिसला नव्हता, नुसता ऐकू यायचा.

पुढे झाडामागे मदत जाहीर झाली. नारळाला २५० रुपये, सुपारीला ५०. बाणवली माड चांगला सांभाळला तर ऐंशी वर्षं जगतो आणि वर्षाला साधारण तितकेच नारळ देतो. हिशेब ज्यानं त्यानं करावा. मी एकदा केला आणि कागद चुलीत घातला. मदत नाकारली असं नाही, घेतली, आणि त्यातून पडलेले बुंधे उचलायचे पैसे भागले. ते उचलावेच लागतात. कुजक्या बुंध्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि मग उरलेल्या माडांचा कोंब पोखरतो. अजूनही तात्या प्रत्येक माडावर चढला की झापांच्या बेचक्यात वाळू आणि डांबराच्या गोळ्या ठेवून येतो, भुंग्यासाठी.

तात्या आता पैसे जास्त मागतो. मागावेतच. झोक्यानं होणारं काम आता चढून-उतरून होतं.

साडेदहा

चहा झाला, तात्या गेला. त्याच्या पैशांबरोबर दोन नारळ, हा रिवाज. ते त्यानं स्वतः निवडायचे, हाही रिवाज, आणि तो कधीही सर्वांत मोठे घेत नाही.

मग पहारीपाशी आमचे हे बसले. जमिनीत रोवलेली पहार, टोक वर. असोला नारळ दोन्ही हातांनी त्यावर आपटायचा, रुतला की पिळायचा, सोडण सुटते. तीन वारांत नारळ मोकळा. हे काम सोपं दिसतं आणि नवख्याच्या तळहातातून रक्त काढतं. पण आज वेगळी खबरदारी. गुरुवारच्या घटावर जाणारा नारळ शेंडीचा लागतो. सोडण सगळी काढायची, पण तीन डोळ्यांवरचा काथ्याचा झुबका जसाच्या तसा राखायचा. शेवटचा पिळा द्यायचा नाही, हातानं ओढत ओढत आणायचं. शेंडी उपटली की तो नारळ आमटीचा. चाळिसात चार उपटल्या. मी काही बोलले नाही. पाचवी उपटली तेव्हा हे स्वतःच म्हणाले, "हा आपल्याला."

मार्गशीर्षातल्या गुरुवारी घराघरांत घट मांडतात. तांब्यात पाणी, त्यात सुपारी, नाणं, दूर्वा, कडेनं पाच झाडांची पानं आणि वर नारळ, की झाली लक्ष्मी. त्या काश्मिरी बाईंना मी हे सांगत होते तेव्हा त्या एकदम थांबल्या. म्हणाल्या, आमच्या हेरथला, म्हणजे शिवरात्रीला, आम्हीही घट मांडतो. पण आमच्याकडे फळ घटाच्या वर नसतं, आत असतं. मोठ्या घटात पाणी भरून त्यात अक्रोड सोडतात. तीन-चार दिवस तिथेच भिजतात. मग पूजा उतरवली की तोच प्रसाद, लेकीसुनांकडे, शेजारीपाजारी, भिजलेले अक्रोड वाटत फिरायचं. पुण्यात त्या किलोवर विकत आणतात. ज्या परसातलं झाड होतं ते त्यांनी नंतर पाहिलेलं नाही.

मला तेव्हा उमगलं की जिथे जे कवचाचं फळ पिकतं तेच तिथल्या घटाला लागतं. शास्त्र मागाहून येत असावं. आणलेलं फळ टिकाऊ हवं, आतलं पाणी की गर ते बाहेरून दिसू नये, आणि फोडलं की सगळ्यांना वाटता यावं. नारळात ते आहे, अक्रोडात आहे. केळ्यात नाही.

अकरापर्यंत पोरं-बायका येऊन नारळ घेऊन गेल्या. गणपतीपासून नारळ महागलाय, त्यामुळे दर सांगताना माझाच आवाज खाली येतो. ओळखीच्या बायकांना पाच रुपये कमी. मुरुडात अनोळखी बाई तशी कोणीच नाही.

साडेअकरा

स्वयंपाक. उपवास माझा, जेवण सगळ्यांचं. वालाचं बिरडं. वाल परवा भिजवले, काल फडक्यात बांधून मोड आणले, आज कोमट पाण्यात टाकून एकेक सोलला. बिरड्याला नारळाचं दूध हवंच.

विळीच्या खवणीवर अर्धी वाटी धरायची आणि मनगट फिरवायचं. करवंटीपर्यंत जायचं नाही, तपकिरी कण आले की रसाचा रंग बिघडतो. खवलेलं खोबरं पाट्यावर वाटून फडक्यातून पिळलं की पहिला रस. जाड, बोटाला चिकटणारा. तो बाजूला, बिरडं उतरवताना घालायचा, उकळला की फुटतो. पुन्हा गरम पाणी घालून दुसरा रस, त्यात वाल शिजवायचे. तिसरा रस पाण्यासारखा, तो भातात. उरलेला चोथा कोंबड्यांना. आजेसासूबाई खोबरं वाटून, उकळून मुठेल काढायच्या. मुठीनं पिळून काढतात म्हणून मुठेल. तान्ह्या मुलाच्या टाळूला तेच. एका नारळाचं एवढं केल्यावर करवंटी चुलीत जाते, सोडण पाणी तापवायच्या बंबाखाली, झापांची छपरं, हिरांचा खराटा. विकत घेतलेल्या अक्रोडाचं कवच मात्र कशालाच लागत नाही. काश्मिरात ते शेगडीत जात असणार. इथे मी ते जायफळाच्या आळ्यात टाकते.

आता अण्णांचे अक्रोड. सकाळी वाटी दिली तेव्हा "ठेव, खातो" म्हणाले. वाटी अजून तशीच. मग मी त्या बाईंनी सांगितलेली चटणी काढली. डून, दही, मिरची, मीठ. त्यांच्याकडे वाटलेल्या अक्रोडात दही कालवतात, वरून मुळा किसतात. मी मुळा वगळला आणि ओल्या नारळाची चिमूट, नाही, चांगली मूठभर टाकली. डॉक्टरांना सांगायची गरज नाही.

दीड

अण्णांनी बोटावर चटणी घेतली. पुन्हा घेतली. म्हणाले, "आज चटणीला काय झालंय?"

काय झालंय?

"तूप घातल्यासारखी लागते."

हे माझ्याकडे बघून गालात हसले. अण्णांनी चटणी संपवली आणि पानावरून उठताना म्हणाले, "त्या अक्रोडांना बिचाऱ्यांना वाटलं असेल, आपल्याला कोणी ओळखलं नाही."

दोन ते चार

खळ्यावर सुपारी. पिकलेली सुपारी सालासकट उन्हात घालायची, रोज दुपारी पायानं उलटायची, संध्याकाळी दव पडायच्या आत झाकायची. चाळीस-पंचेचाळीस दिवस. केशरी रंग जाऊन ती लाकडासारखी होते, हलवली की आत वाजते, मग सोलायची. महिना-दीड महिना एवढंच काम, एवढंच बघणं. पाऊस येतो का, गुरं येतात का, माकडं येतात का. फणसाडच्या जंगलातून माकडांना वाडीचा रस्ता चांगला ठाऊक झालाय.

मुरुडची ओळख सुपारीची. नवाबाच्या राज्यात, म्हणजे १९४८ पर्यंत, इथला माल होडीनं मुंबईला जायचा. अण्णा तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. गोणपाटाचा वास आठवतो त्यांना. श्रीवर्धनी रोठा मोठा, आतून पांढराशुभ्र, कातरला तर चुरा होत नाही. श्रीवर्धनला कृषी विद्यापीठाचं सुपारीचं संशोधन केंद्र आहे, वादळानंतरची रोपं आम्ही तिथल्याच जातीची लावली.

पण सुपारी उलटताना एक गोष्ट मनात येते, ती सांगूनच टाकते. आमच्याकडची सुपारी घटात जाते, लग्नात जाते, गणपती म्हणून पुजली जाते. आणि पुड्यांतूनही जाते. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं नुसती सुपारीही, तंबाखू नसली तरी, कर्करोगाला कारण म्हणून नोंदवली. २०१२ पासून महाराष्ट्रात गुटख्याला बंदी आहे, आणि बंदी असलेल्या गोष्टी कुठे मिळतात हे टपरीवरच्या पोरालाही माहीत असतं. मुलगा म्हणतो, आई, पोफळी गेल्या तिथे माडच लाव, निदान खायचं फळ तरी. अण्णा म्हणतात, माडाला दोन झाडांत पंचवीस फूट जागा लागते, पोफळीला नऊ. पस्तीस गुंठ्यांत नुसत्या माडांवर घर चालत नाही. दोघांचंही खरं. मी मोकळ्या जागेत सोळा माड आणि दीडशे पोफळी लावल्या. कोणाचंच पूर्ण ऐकलं नाही.

दीड तास उलटणं, अर्धा तास निवडणं. चार वाजले.

साडेचार

आंघोळ करून घट मांडला. शेंडीचा नारळ, हळदकुंकवाची बोटं, आंब्याची, पेरूची, चिकूची पानं, जी हाताला लागली ती पाच. पोथी वाचली. नैवेद्याला घावन आणि नारळाचा गोड रस, गूळ-वेलची घातलेला. सहाला शेजारच्या सुना आल्या, हळदीकुंकू झालं, एकेक फळ हातावर ठेवलं. एका लहान मुलीच्या हातावर मी गंमत म्हणून केळ्याबरोबर एक अक्रोड ठेवला. तिनं कानाशी धरून हलवला. नारळासारखा वाजतो का पाहत होती.

घटावरचा नारळ उद्या सकाळी उतरवायचा. त्याची बर्फी.

साडेआठ

जेवणं झाली. खोल्यांवर उद्या ठाण्याचे दोन पाहुणे येणार आहेत, चादरी काढून ठेवल्या. सुपारीवर प्लॅस्टिक ओढलंय की नाही ते पाहायला विजेरी घेऊन मागे गेले.

वादळानंतरच्या पावसात लावलेल्या पोफळी आता डोक्याच्या वर गेल्यात. त्यांतल्या चौघींना यंदा पहिलं फळ धरलंय. घड एवढा खाली की त्याला पाडेकरी नको, माझा हात पुरतो. सकाळी तात्या त्यांच्याजवळून जाताना थांबला होता. एका झाडाला हात लावून हलवून पाहिलं, शेजारच्याला हलवलं, मधलं अंतर नजरेनं मोजलं. मग काही न बोलता पुढच्या जुन्या पोफळीवर चढला.

विजेरीचा झोत रोपांच्या वाफ्यावर पडला. इथे अण्णा दरवर्षी निवडक असोले नारळ आडवे अर्धे पुरून ठेवतात, कोंब फुटला की उचलून लावायला. रांगेच्या टोकाला एक छोटंसं आळं नवीन दिसलं. ओलं. मधे बोटाच्या टोकाएवढा खड्डा बुजवलेला, आणि जवळ कोंबडीनं उकरू नये म्हणून उलटी घातलेली करवंटी.

घरात येऊन डबा मोजला. सकाळच्या मोजणीत दोन कमी भरतात. एक त्या मुलीचा.

अण्णा पडवीत झोपाळ्यावर होते, झोपले नव्हते. मी विजेरी विझवली.

"अण्णा, अक्रोडाला कडाक्याची थंडी लागते, बर्फाची. आपल्याकडे नाही यायचा तो."

"माहीत आहे मला," ते म्हणाले. झोपाळा थोडा हलला. "पण एक सांग. नारळ आपण आडवा पुरतो. हा कसा पुरायचा असतो? सांधा वर, का बाजूला?"

मला येत नव्हतं. त्या पुण्याच्या बाईंचा नंबर कुठे लिहून ठेवलाय का ते पाहायला मी आत गेले.